कोसंबींचं छापील काम आणि त्यांची सायटेशन्स: प्रकल्पाच्या नोंदी, पुणे

९ जून २०२५

सुरुवात केली. नक्की काय करायचंय ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे मध्ये फाटे फुटले तरी परत मूळ रस्त्यावर येता येईल. दामोदर धर्मानंद कोसंबींनी (१९०७–१९६६) जे जे छापलं, म्हणजे लेख, पुस्तकं, संपादित ग्रंथ, सगळं, त्याची एक यादी करायची. प्रत्येक नोंदीसमोर हे काम पुढे कोणी, कुठल्या विषयात आणि कशासाठी वापरलं, म्हणजे त्याचा संदर्भ (सायटेशन) कुठे दिला, ते लिहायचं. ३१ जुलैला त्यांची जयंती, तोवर आमच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर एक मोठा तक्ता लावायचाय आणि मागचा सगळा डेटा कोणालाही घेता येईल असा मोकळा ठेवायचाय.

माणसं तीनच. मी (लायब्ररी सायन्स), संख्याशास्त्र शिकवून रिटायर झालेले सर, आणि माझी मावसबहीण जी पिकांच्या जेनेटिक्समध्ये पीएचडी करतेय. पैसा नाही, पण घाई करणारंही कोणी नाही, ही मोठीच सोय.

वाचनालयाच्या कमिटीकडून एक सूचना आलीये, ती पण नोंदवते (एच-इंडेक्स म्हणजे लेख किती आणि त्यांना सायटेशन्स किती यावरून काढलेला एकच आकडा): "त्यांचा एच-इंडेक्स काढा आणि मधोमध मोठ्या अक्षरात टाका, लोकांना पटकन कळतं." आत्ता हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. डेटा हातात आल्यावर ठरवू.

११ जून

शीटचे कॉलम ठरवले. वर्ष, शीर्षक, भाषा, कुठे छापलं, त्या वेळी नोकरी कुठे होती, विषय, सायटेशन्स कुठून मोजली, शेरा. "विषय" हा कॉलम भरायला लागल्यावर तासाभरातच लक्षात आलं की सगळ्यात जास्त वेळ इथेच जाणार आहे, कारण एकाच माणसाच्या नावावर भूमिती, संख्याशास्त्र, जेनेटिक्स, नाणकशास्त्र, संस्कृत पाठचिकित्सा, प्राचीन इतिहास, पुण्याच्या परिसरातलं पुरातत्त्व आणि वर राजकीय निबंध. दर वेळी एखाद्या लेखावर हात ठेवला की तो दोन रकान्यांत बसतो. सर म्हणाले एकाला एकच विषय असा हट्ट धरू नकोस, दोन लिही. लिहिते.

नोकरीचा कॉलम मात्र पटकन भरला. हार्वर्डची पदवी १९२९, मग बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ, १९३३ पासून फर्ग्युसन कॉलेज, आणि १९४५ नंतर मुंबईला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च. तिथे असतानाही राहायचे पुण्यातच, भांडारकर रोडला, आणि डेक्कन क्वीनने जाऊन येऊन करायचे. १९६२ ला ती नोकरी संपली. १९६४ पासून सीएसआयआरचे मानद शास्त्रज्ञ म्हणून ते आपल्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीशी जोडलेले होते. म्हणजे मधल्या दोन वर्षांच्या लेखांसमोर संस्थेचा रकाना रिकामा राहतो. तो रिकामाच ठेवणार. अंदाजाने काही भरलं की पुढचा माणूस तेच खरं धरून चालतो.

१६ जून

नावांचा गुंता. डेटाबेसमधून काढलेल्या याद्यांमध्ये डी. डी. कोसंबी, डी. कोसंबी, दामोदर कोसंबी अशी वेगवेगळी माणसं होऊन बसलीयेत. जिवंत संशोधक आपला ऑर्किड (ORCID) नंबर, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, घेऊन हे निस्तरू शकतो, पण ती सोय २०१२ ला आली, आणि १९६६ ला गेलेल्या माणसाचं हे काम दुसऱ्या कोणालातरी बसून हातानेच करावं लागतं.

खरी पंचाईत "डी. कोसंबी" या नावाची. वडील धर्मानंद कोसंबी, पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक, त्यांचंही आद्याक्षर डीच. भांडारकर संस्थेच्या लायब्ररीत हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचे खंड काढून बघितले. ४१ वा खंड बुद्धघोषाचा विसुद्धिमग्ग हा पाली बौद्ध ग्रंथ, हेन्री क्लार्क वॉरनचं संपादन, सुधारून पूर्ण केलं धर्मानंदांनी, छापला १९५० ला, म्हणजे धर्मानंद गेल्यानंतर तीन वर्षांनी. त्याला लागूनच ४२ वा खंड, विद्याकराचा सुभाषितरत्नकोश, म्हणजे संस्कृत सुभाषितांचा संग्रह, संपादक दा. ध. कोसंबी आणि वा. वि. गोखले, १९५७. एकाच मालेत लागोपाठच्या खंडांवर बाप आणि मुलगा. दोन्ही जाडजूड, आणि कणा बघितला तर दोन्हीवर आडनाव तेच. मशीनने या दोघांना एक केलं तर त्यात नवल काय. दोन्ही खंड टेबलावर उघडे ठेवून मी बराच वेळ नुसती बसले होते, काम सोडून.

शीटमध्ये "वडिलांचं" असा वेगळा टॅब केला. धर्मानंदांचं एकही सायटेशन मुलाच्या नावावर जाता कामा नये आणि उलटही नाही.

१९ जून

मावसबहीण आली होती, दोघी मिळून जेनेटिक्सचा भाग बघितला. ती म्हणाली, "ताई, मला कोसंबी हे नाव आधी सॉफ्टवेअरमध्ये दिसलं गं, जनुकांचा मॅप बनवताना पर्याय विचारतं, हॅल्डेन की कोसंबी, आमच्या लॅबमध्ये सगळे कोसंबी निवडतात म्हणून मी पण तेच निवडायचे, हे पुण्यातले आहेत, फर्ग्युसनला शिकवायचे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

तो लेख चार पानांचा आहे, अॅनल्स ऑफ युजेनिक्स, खंड १२, पानं १७२ ते १७५. विषय असा की एका गुणसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही, पिढीमागे त्यांची फारकत किती वेळा होते ते मोजता येतं. पण मध्ये गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर ती डोळ्याला दिसतच नाही, म्हणून मोजलेली टक्केवारी खऱ्या अंतरापेक्षा कमी भरते. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅल्डेनने १९१९ ला सूत्र दिलं, त्यात धरलेलं होतं की एका जागी अदलाबदल झाली म्हणून शेजारी दुसरी व्हायला काही अडथळा येत नाही. प्रत्यक्षात येतो. कोसंबींनी तो अडथळा सूत्रात घेतला, आणि जवळच्या जनुकांत जास्त, लांबच्यांत कमी, असा घेतला.

तिने कागदावर करून दाखवलं, तेच इथे उतरवते. फारकत ५ टक्के असेल तर हॅल्डेनने अंतर येतं ५.३ सेंटीमॉर्गन (जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक), कोसंबीने ५.०, म्हणजे जवळपास सारखंच. २० टक्के असेल तर हॅल्डेन २५.५, कोसंबी २१.२. आणि ४० टक्क्यांना हॅल्डेन ८०.५ तर कोसंबी ५४.९, इथे मात्र नकाशाची लांबीच बदलून जाते. गहू असो, हरभरा असो, भात असो, पिकांचे लिंकेज मॅप (गुणसूत्रावरच्या जनुकांचे नकाशे) करणारे लोक आजही हेच वापरतात आणि लेखात एक ओळ टाकतात की अंतरं कोसंबी फंक्शनने काढली.

या चार पानांची सायटेशन्स हजारांच्या घरात आहेत. लिहिणाऱ्याने जेनेटिक्सचा कोर्स घेतलेला नव्हता, तो कॉलेजात गणित शिकवत होता.

२० जून

कालच्याच लेखाचं तांत्रिक. अर्धं जग याला १९४३ चा म्हणतं आणि अर्धं १९४४ चा, त्यामुळे मोजणीत एकाचे दोन लेख होतात. वर त्या नियतकालिकाचं नाव १९५४ ला बदलून अॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स झालं, त्यामुळे काहींनी जुना लेख नव्या नावाखाली टाकलाय. सगळं एका नोंदीखाली आणलं, वर्ष १९४३ ठेवलं, शेऱ्यात १९४४ लिहिलं. दोन्ही आकड्यांची नुसती बेरीज करायची नाही, कारण काही लेखांनी दोन्ही तऱ्हेने दिलंय आणि ते दोनदा मोजले जातात. सर स्वतः एकेक डुप्लिकेट काढतायत.

आणि एक, जे कुठल्याच डेटाबेसात येत नाही. कित्येक लेखांत "कोसंबी फंक्शन वापरलं" एवढंच असतं आणि मागच्या संदर्भांच्या यादीत कोसंबी नसतातच, सॉफ्टवेअरचा संदर्भ दिलेला असतो. म्हणजे काम इतकं मुरलं की संदर्भ द्यायची गरजच वाटेनाशी झाली. समाजशास्त्रात रॉबर्ट मर्टनने यावर लिहून ठेवलंय. मोजणीत हे शून्य धरलं जातं. मला ते शून्य मान्य नाही, म्हणून शीटमध्ये "नाव आहे, संदर्भ नाही" असा कॉलम वाढवला.

२४ जून

गणिताचा भाग सरांनी घेतला. १९३३ ला मॅथेमॅटिशे त्साइटश्रिफ्ट या जर्मन नियतकालिकाच्या ३७ व्या खंडात कोसंबींचा पाथ-स्पेस या भूमितीतल्या संकल्पनेवरचा लेख आहे, ६०८ व्या पानापासून. तो संपतो आणि लगेच पुढच्या पानावर एली कार्तांचं टिपण चालू होतं, शीर्षकच असं की "आधीच्या लेखावरची निरीक्षणं". फ्रान्समधला त्या काळचा सगळ्यात मोठा भूमितीज्ञ, पंचविशीतल्या एका भारतीय मुलाच्या लेखावर त्याच अंकात, पाठोपाठ. सरांनी दोन्ही पानांची प्रिंट शेजारी शेजारी चिकटवून आणली आणि म्हणाले, "अगं, याला सायटेशन एक धरायचं का?"

बरोबरच आहे ना. मोजणीत हे एकच. पुढे १९३९ ला शिंग-शेन चर्नने तो धागा पुढे नेला आणि आज त्या सिद्धांताला तिघांच्या आद्याक्षरांवरून केसीसी म्हणतात. एखादी प्रणाली हलली तर स्थिर राहते की भरकटते हे बघायला आज जीवशास्त्रापासून विश्वरचनाशास्त्रापर्यंतचे लोक तो वापरतात. इथे जेनेटिक्सच्या उलटं होतं, लोक केसीसी लिहितात आणि त्यातला के कोण हे बघायच्या भानगडीत पडत नाहीत.

२७ जून

याच्यावर जरा सविस्तर लिहायचंय कारण मला हे सगळ्यात जास्त लागलं.

१९४३, जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी, खंड ७, पानं ७६ ते ८८, "स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस". सरांनी मला समजेल असं सांगितलं ते असं. एखादी गोष्ट वेळेनुसार वेडीवाकडी बदलत असते, तिचे खूप नमुने घेतले तर त्या सगळ्या वेड्यावाकड्या रेघा काही थोड्या मूळ आकारांच्या बेरजेतून मांडता येतात, आणि पहिले दोन-चार आकार घेतले तरी बरंचसं चित्र हाती येतं. आज हे सिग्नल प्रोसेसिंगमध्ये आहे, हवामानाच्या डेटात आहे, चेहरे ओळखण्यात आहे, आणि वाऱ्या-पाण्याच्या खळबळाटाचा अभ्यास करणारे त्यालाच प्रॉपर ऑर्थोगोनल डीकंपोझिशन म्हणतात. जगभर नाव काय, तर कारुनेन–लोएव्ह, दोन गणितज्ञांच्या नावांवरून. कारुनेनचं काम १९४६-४७ चं, लोएव्हचंही त्याच सुमाराचं. कोसंबींचं १९४३ चं.

कोणी चोरलं असं मुळीच नाही, युद्ध चालू होतं, टपाल विस्कळीत, भारतातलं जर्नल फिनलंडला कोण वाचणार. पण पुढची कित्येक वर्षं या क्षेत्रातली हजारो पेपर्स निघाली आणि त्यात हे नाव जवळपास नाही. २०११ ला रॉडम नरसिंहांनी रेझोनन्स या विज्ञान मासिकाच्या अंकात यावर स्वतंत्र लेख लिहिला, आणि २०१६ ला राम रामस्वामींच्या संपादनात कोसंबींचं निवडक गणिती लेखन ग्रंथरूपात आलं, तेव्हापासून कोसंबी–कारुनेन–लोएव्ह असं तिहेरी नाव जरा दिसायला लागलंय.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघा. वर्ष तेच १९४३, माणूस तोच, नोकरी तीच, फर्ग्युसनमध्ये बीएस्सीच्या मुलांना गणित शिकवायची. एक लेख इंग्लंडमध्ये छापला, तो हजारो वेळा उद्धृत झाला. दुसरा भारतात छापला, त्यातली कल्पना दुसऱ्यांच्या नावाने जगभर गेली. सायटेशनचा आकडा बघणाऱ्याला वाटेल पहिला महत्त्वाचा आणि दुसरा किरकोळ. कामाच्या वजनाचा आणि त्या आकड्याचा इथे काहीएक संबंध नाही, संबंध आहे तो कुठे छापलं आणि कोणाच्या हातात पडलं याच्याशी. हे तक्त्यावर आलंच पाहिजे, बाकी काही राहिलं तरी चालेल.

१ जुलै

फक्त डेटा एन्ट्री. १९३० चा पहिला लेख (इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स, लंबवर्तुळाकार कक्षेवर) ते १९३९ पूर्ण. इटालियन आणि फ्रेंच शीर्षकं मूळ उच्चाराप्रमाणे आणि खाली मराठी अर्थ.

४ जुलै

बूर्बाकी. १९३१ ला संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत कोसंबींचा एक छोटा लेख आहे, "बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापकीकरण". त्यात डी. बूर्बाकी नावाच्या एका रशियन गणितज्ञाचा हवाला आहे आणि असा गणितज्ञ कधी नव्हताच. अलीगढला तेव्हा शिकवणाऱ्या फ्रेंच गणितज्ञ आंद्रे व्हेलने सुचवलेली ती थट्टा. काही वर्षांनी व्हेल आणि मित्रांनी फ्रान्समध्ये निकोला बूर्बाकी या टोपणनावाने अख्खं गणित नव्याने लिहायला घेतलं, त्याच्याही आधी हे नाव गणिताच्या लेखात पहिल्यांदा छापून आलं ते इथे. शीटमध्ये प्रश्न असा की न लिहिलेल्या लेखाला दिलेलं सायटेशन कुठे टाकायचं. वेगळी खूण करून ठेवलंय, मोजणीच्या बाहेर.

उलट बाजूला एस. ड्यूक्रे. १९६२ नंतर कोसंबींनी अविभाज्य संख्यांवरचे काही लेख या नावाने छापले, उदाहरणार्थ १९६४ चा इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या प्रोसिडिंग्जमधला. म्हणजे एक माणूस होता पण नाव वेगळं. हे सगळे मुख्य यादीत घेतले, शेऱ्यासकट.

आणि रीमान हायपोथिसिस, म्हणजे अविभाज्य संख्यांशी निगडित, अजून न सुटलेला गणितातला प्रसिद्ध प्रश्न. १९५९ ला त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये संभाव्यतेच्या वाटेने त्यावर लेख छापला, तो युक्तिवाद टिकला नाही, आणि त्यांच्या गणिती प्रतिष्ठेला त्यामुळे बराच धक्का बसला. हा लेख यादीतून वगळा असं एकाने सुचवलं. वगळणार नाही. ज्याने पोथ्यांमधले चुकीचे पाठसुद्धा तळटीपेत जपून ठेवले त्याच्या यादीतून आपण सोयीचं तेवढं ठेवायचं हे शोभत नाही.

८ जुलै

नाणी. खूप आनंदाचा दिवस, कारण हे मला सगळ्यात आधी कळलं.

आहत नाणी म्हणजे चांदीच्या तुकड्यावर ठसे मारलेली, राजाचं नाव नाही, साल नाही. मग कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं? कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, आणि चलनात असताना तपासणी झाली की मागच्या बाजूला बारीक ठसा बसायचा. म्हणजे मागचे ठसे जास्त तर नाणं जास्त फिरलेलं, आणि वजन तेवढं कमी. तक्षशिलेच्या साठ्यांतली नाणी एकेक तोलून त्यांनी गट पाडले आणि वजनावरून क्रम लावला. एवढ्यावर थांबले नाहीत, झीज खरंच अशीच होते का हे बघायला त्यांच्या काळात बाजारात चालणारी नाणीही तोलली, त्यावर १९४२ ला करंट सायन्समध्ये लेख आहे. नुसतं म्हणून सोडून दिलं नाही, ताडून बघितलं. सायंटिफिक अमेरिकनच्या फेब्रुवारी १९६६ च्या अंकात हे सगळं सामान्य वाचकासाठी लिहिलं आणि त्याच जूनमध्ये ते गेले.

सायटेशन्स? जेनेटिक्सच्या मानाने मूठभर, नाणकशास्त्रात लिहिणारेच मोजके. पण सरांनी त्यातली काही मुळातून वाचली तर कळलं की इथे एकेक लेखक कोसंबींच्या पद्धतीवर पानंच्या पानं खर्च करतो, कोणी मानतो, कोणी म्हणतो साठ्यातली सगळी नाणी सारखीच फिरली असतील कशावरून. तिकडे हजारोंनी एक ओळ, इथे मोजक्यांनी पूर्ण प्रकरण.

यावरून सरांनी नवीन वर्गवारी काढली: नुसता उल्लेख, वापर, आणि वाद. प्रत्येक विषयातली थोडी सायटेशन्स मुळातून वाचून यांपैकी एक खूण करायची. मेहनत आहे. पण आता यातून मागे फिरणार नाही.

१३ जुलै

संस्कृत. भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती, दक्षिणेकडचा पाठ १९४६, मोठा ग्रंथ १९४८. शेकडो हस्तलिखितं ताडून, कुठला श्लोक जवळपास सगळीकडे आहे, कुठला फक्त काही पोथ्यांत, यावरून मूळचा गाभा कोणता ते ठरवलं. नाण्यांच्या वेळचीच मोजणीची शिस्त पोथ्यांना लावलेली. सुभाषितरत्नकोशाचं इंग्रजी भाषांतर हार्वर्डच्या डॅनियल इंगाल्सनी १९६५ ला केलं तेही १९५७ च्या कोसंबी–गोखले आवृत्तीवरून.

डेटाबेसचा प्रश्न असा की भर्तृहरीवर लिहिणारा माणूस श्लोक क्रमांक देतो, वर एकदाच "कोसंबी आवृत्ती" म्हणतो, आणि मग शंभर वेळा नुसता क्रमांक. मोजणीत एक. खरं तर त्याचा अख्खा लेख त्या आवृत्तीवर उभा असतो.

१७ जुलै

इतिहास. १९५६ चं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना हे पुस्तक, १९६२ चं मिथ अँड रिॲलिटी, १९६५ चं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. आपल्याकडे कोसंबी म्हटलं की बहुतेकांना हेच आठवतात. सामंतशाही वरून लादलेली आणि खालून उगवलेली अशी त्यांनी मांडणी केली, पुढे रामशरण शर्मांनी त्या विषयाचा विस्तार केला, हरबंस मुखियांनी मुळात भारतात सामंतशाही होती का हाच प्रश्न टाकला, आणि आपल्याकडे धुळ्याचे शरद पाटील कोसंबींशी कडाकडा भांडले. सगळी "वाद" वर्गातली सायटेशन्स, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची, कारण मेलेल्या पुस्तकाशी कोणी भांडत नाही.

पण पुस्तकं ही डेटाबेसची दुखती नस. सायन्स सायटेशन इंडेक्स युजीन गारफिल्डने १९६० च्या दशकात काढला तोच जर्नलमधल्या लेखांसाठी. आवृत्त्या वेगळ्या, प्रकाशक वेगळे, पुनर्मुद्रणं, भाषांतरं, एकाच पुस्तकाच्या कितीतरी नोंदी आणि एकीलाही पुरता आकडा नाही. हिंदी-मराठीत दिलेले संदर्भ तर मोजलेच जात नाहीत.

पुण्याच्या भागातलं काम वेगळं काढलं. मॅन या नियतकालिकातले १९६२-६३ चे लेख, पुणे जिल्ह्यातली महाशिळास्मारकं, पुण्याजवळच्या खडकांवरच्या प्रागैतिहासिक खुणा, पश्चिम दख्खनमधली मुख्य धान्यं. चालत जायचं, देवीची ठाणी बघायची, तिथे सापडणारी बारीक दगडी हत्यारं वेचायची, आणि धनगरांच्या वाटा जुन्या व्यापारी रस्त्यांशी जुळतात का बघायचं. कार्ल्याच्या शिलालेखांतल्या धेनुकाकट या गावावरचा त्यांचा लेखही याच रांगेतला. हा भाग तक्त्यावर नकाशासकट टाकायचा, लोक रविवारी फिरायला जातात त्या वाटांवर हे झालंय.

२१ जुलै

एच-इंडेक्सचा निर्णय. तिघंही बसलो, दोन तास.

भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्शने तो २००५ ला काढला: ज्याच्या समजा १५ लेखांना प्रत्येकी किमान १५ सायटेशन्स, त्याचा एच १५. हिर्शने त्याच लेखात सांगितलंय की जीवशास्त्रातले आकडे भौतिकीपेक्षा बरेच जास्त येतात, म्हणजे विषय ओलांडून तुलना करू नये. आता आमच्याकडे एकाच माणसात सात-आठ विषय. हजारो सायटेशन्सचा तो चार पानी लेख एच-इंडेक्सला फक्त एक मोजला जातो. कार्तांनी पाठोपाठ टिपण लिहिलेला लेखही जास्तीत जास्त एकच. १९५६ चं पुस्तक डेटाबेसने नीट पकडलं नसेल तर शून्यही. आणि वडिलांची नोंद चुकून मिसळली तर आकडा वाढतो! असा आकडा मधोमध मोठ्या अक्षरात टाकायला मी तयार नाही आणि सरही नाहीत.

बहिणीने एक बरोबर मुद्दा काढला. "ताई, आकडा नसेल तर लोक म्हणतील झाकताय, आमच्याकडे तर मुलाखतीला पहिला प्रश्न तोच असतो." तिला उद्या याच आकड्यावर नोकरी मिळणार किंवा नाही मिळणार, त्यामुळे तिचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. शेवटी ठरलं ते असं: प्रत्येक विषयाची पट्टी वेगळी, तिच्यात किती लेखन, कुठे छापलं, उल्लेख-वापर-वाद यांचं प्रमाण, आणि जिथे आकडा आहे तिथे तो कुठल्या डेटाबेसातून आणि कुठल्या तारखेला घेतला ते. सगळ्यांची बेरीज कुठेही नाही. कमिटीला तसं लिहून कळवलं, कारणांसकट, दोन पानी.

२४ जुलै

कमिटीचा होकार आला. एक अट, अक्षर मोठं ठेवा, वाचनालयात वयस्कर मंडळी येतात. अगदी मान्य.

२८ जुलै

तक्ता छापायला गेला. रुंदी नऊ फूट. १९४३ चा रकाना मुद्दाम मधोमध घेतला, दोन्ही लेख समोरासमोर, खाली एकच ओळ: दोन्ही फर्ग्युसन कॉलेज, पुणे. जागा उरली नाही म्हणून १९६० च्या रोटरी क्लबमधल्या अणुऊर्जेवरच्या भाषणाचा भाग गाळावा लागला, जिवावर आलं. भारताने अणूपेक्षा सूर्याच्या उष्णतेकडे बघावं असं हा माणूस तेव्हा पुण्यात उभा राहून सांगत होता. भाषणांना सायटेशन्स मिळत नाहीत, पण डेटा फाइलमध्ये ते पूर्ण आहे.

३१ जुलै

लागला. दुपारपासून बरीच माणसं येऊन गेली. फर्ग्युसनची दोन मुलं आली होती, गणिताची, त्यांना कारुनेन–लोएव्ह अभ्यासक्रमात आहे आणि त्यातलं तिसरं नाव त्यांनी आज पहिल्यांदा वाचलं. सरांनी त्यांना तिथेच खुर्च्या ओढून बसवलं आणि १९४३ च्या लेखातलं पहिलं समीकरण समजावून सांगितलं, वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी चालूच होतं.

५ ऑगस्ट

फाइल मोकळी केली, कोणीही घ्या, वापरा, दुरुस्त करा. पुढचं काम ठरलंय: मराठी पुस्तकांच्या आणि मासिकांच्या तळटीपांतून कोसंबींचे संदर्भ काढायचे, कारण ते जगातल्या कुठल्याच इंडेक्समध्ये नाहीत आणि आपण नाही केलं तर कोणी करणार नाही. सुरुवात वाईच्या नवभारत मासिकाच्या जुन्या अंकांपासून. ज्यांच्याकडे १९५० ते १९८० मधले अंक घरी असतील त्यांनी फक्त तळटीपांच्या पानांचे फोटो पाठवले तरी पुरे, अंकाचं वर्ष आणि पान क्रमांक दिसेल असे. बहीण मॅपिंगच्या लेखांमधला "नाव आहे, संदर्भ नाही" हा कॉलम पुढे नेतेय, ती आत्ता हरभऱ्यावर आहे, मग भात.